गढीचा दगडी तट आणि देवडी: दुरुस्तीची सुरुवात पाण्यापासून

देशावरच्या बहुतेक जुन्या गढ्यांमध्ये आतला चौसोपी वाडा केव्हाच बसलेला असतो. उरतं ते बाहेरचं: चारी बाजूंचा दगडी तट, एखाददुसरा बुरूज आणि दरवाजाची देवडी, म्हणजे आतल्या पहारेकऱ्यांच्या ओट्यांची जागा. मग एका पावसाळ्यात तटाचा कोपरा ढासळतो, ग्रामपंचायतीची नोटीस येते, भाऊबंदांची बैठक बसते आणि कुणीतरी म्हणतं, "सिमेंटनं दगडांमधल्या दरजा भरून टाका, पन्नास वर्षं बघायला नको." हा लेख त्या बैठकीनंतर, पण सिमेंटची पोती येण्याआधी वाचायचा आहे.

भिंत आतून कशी असते

बाहेरून दिसतो तो सरळ थरांचा घडीव काळा दगड. आतल्या अंगाला तसाच, पण कमी घडवलेला दुसरा दगडी पदर. या दोन पदरांच्या मध्ये भर: डबर, कपच्या, माती, कुठे चुना. पाच-सहा फूट रुंदीच्या तटात निम्म्याहून जास्त जाडी या भरीचीच असू शकते. दोन पदरांना एकत्र धरतात ते अधूनमधून आरपार घातलेले लांब दगड. ते पुरेसे असतील तर तट शतकं काढतो. ते नसतील, किंवा कुणी उपटून नेले असतील, तर दोन पदर हळूहळू एकमेकांपासून सुटायला लागतात.

हे किती जिवावर बेततं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दिसलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे पदर सुटले आणि भिंती माणसांवर कोसळल्या. त्या भूकंपात न पडलेल्या घरांच्या मजबुतीकरणात एक काम मुद्दाम केलं गेलं: भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून दोन पदर शिवून टाकायचे. भारतीय मानकांतही दगडी भिंतीत साधारण दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडव्या दिशेला जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर आरपार दगड असावा असं सांगितलेलं आहे.

दुसरी गोष्ट दगडाची. आपला काळा पाषाण घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही. म्हणजे भिंतीत पाणी जातं ते माथ्यावरून आणि सांध्यांतून, आणि बाहेर पडतं तेही सांध्यांतूनच. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा सांधा ती अडवतो, शिवाय तो कडक असल्यामुळे भिंत जराशी हलली की दगडाच्या कडेनं केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि परत यायला वाट नसते. भर भिजते, फुगते, खाली बसते आणि भिंतीला पोट सुटतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कारणाभोवती फिरतात.

पहिली पायरी: कागद

तट कोणाचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कुठेच नसतं. नगर भूमापन झालेल्या गावात मिळकत पत्रिका काढा. गावठाणात २०२० नंतर स्वामित्व योजनेखाली ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद आणि नकाशा मिळतो. त्यात तटाची जाडी तुमच्या हद्दीत धरली आहे की रस्त्यात, ते नीट बघा. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी आधी करून घ्या. वाटणीपत्रात खोल्या वाटलेल्या असतात, तट बहुधा सामाईक राहतो. म्हणून सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. पुण्याला किंवा मुंबईला राहणारा चुलत भाऊ काम अर्धं झाल्यावर उगवतो, हा अनुभव गढीवाल्या घरांना नवा नाही.

मग वास्तू संरक्षित आहे का ते तपासा. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा लागतो, राज्य संरक्षित असेल तर १९६० चा. अशा ठिकाणी मालकालाही परवानगीशिवाय दगड हलवता येत नाही. तुमची गढी संरक्षित नसली तरी शेजारी केंद्र संरक्षित लेणं किंवा मंदिर असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे दुरुस्तीलाही अर्ज करावा लागतो. शहरात असाल तर महापालिकेच्या वारसा यादीत नाव आणि श्रेणी बघा.

दुसरी पायरी: एक पावसाळा नुसतं बघा

घाई करण्यासारखं काही पडायला आलं नसेल तर पहिलं वर्ष पाहणीला द्या. उन्हाळ्यात कोरडी भिंत काही बोलत नाही. जुलैच्या झडीत छत्री घेऊन तटाभोवती फिरा. कुठल्या सांध्यातून पाणी ठिबकतंय, माथ्यावर कुठे साचतंय, देवडीच्या छतातून धार कुठे लागते, पायाशी पाणी कुठून येतं, सगळं तेव्हाच कळतं. पाऊस थांबल्यावर आठवड्याभरानंही ओला राहणारा पट्टा दिसला की आजार तिथे आहे असं समजा.

तटाचे तीन-तीन मीटरचे भाग पाडा, खडूनं क्रमांक घाला आणि प्रत्येक भागाचा समोरून फोटो घ्या. माथ्यावरून ओळंबा सोडा आणि दर अर्ध्या मीटरला दोरीपासून भिंतीचं अंतर लिहून ठेवा. नुसतं अंतर कामाचं नाही, ते वाढतंय का हे महत्त्वाचं. तटाला मुळातच आत झुकता उतार दिलेला असतो, त्यामुळे ओळंब्यात नसलेली प्रत्येक भिंत आजारी नसते. तडा दिसला तर त्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. वर्षभर शाबूत राहिली तर तो जुना, बसून गेलेला तडा आहे. तो भरला की काम झालं.

पोट वाढत असेल, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज मोठ्या भागात येत असेल, तर मात्र वाट बघू नका. खालून लाकडी टेकू द्या, तटाखालची वहिवाट बंद करा आणि वास्तुसंवर्धनाचं काम केलेल्या अभियंत्याला बोलवा. माणसाच्या उंचीपेक्षा उंच भिंतीचं पोट उतरवणं हे घरच्या घरी करायचं काम नाही.

तिसरी पायरी: पाणी वळवा

चुना, दगड, गवंडी यांच्याआधी हे. अनेक गढ्यांची निम्मी दुखणी एवढ्यानं थांबतात, आणि यात खर्चही सगळ्यात कमी.

गावात एक गोष्ट हमखास दिसते. तटालगतचा रस्ता आधी मुरमाचा होता, मग खडीचा, मग सिमेंटचा. प्रत्येक वेळी जुन्यावर नवा थर. आता रस्ता देवडीच्या उंबऱ्यापेक्षा फूटभर वर आहे, तटाचे खालचे दोन थर जमिनीत गेलेत आणि रस्त्याचं सगळं पाणी देवडीत येतं. त्यावर उपाय म्हणून लोक उंबऱ्यावर सिमेंटचा बांध घालतात. मग देवडीतलं पाणी बाहेरही जात नाही.

रस्ता खाली घेता आला तर उत्तमच, पण ते सहसा तुमच्या हातात नसतं. तटाच्या पायालगत दोन-अडीच फूट रुंदीचा पट्टा मूळ पातळीपर्यंत मोकळा करा, त्यात खडी भरा आणि भिंतीपासून दूर उताराची उघडी गटार काढा. खोदताना पायाच्या तळाखाली जाऊ नका, आणि एका वेळी एक-दोन मीटरच उघडा. भिंतीला चिकटून सिमेंटची फरशी किंवा कट्टा घालू नका, कारण फरशीखालची ओल बाहेर निघायला भिंतीतूनच वर चढते. तटाला टेकून ठेवलेला उकिरडा, सरपण, पडलेल्या वाड्याची माती हेही काढा. आतल्या बाजूला मातीचा ढीग असेल तर तो भिंतीला बाहेर ढकलत असतो, तेव्हा तोही हळूहळू, थरानं उतरवा.

तटात आधीपासून असलेली भोकं बुजवू नका. काही पाणी जाण्यासाठी ठेवलेली असतात, काही जंग्या असतात, बंदुकीसाठी खाली उतरत्या ठेवलेल्या. जंग्याही आता ओल सोडायचं काम करतात.

चौथी पायरी: झाडं

पिंपळ, वड, उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, सांध्यात रुजतं आणि दहा वर्षांत मूळ भरीत उतरतं. बोटाएवढं रोप मुळासकट उपटता येतं. मनगटाएवढं झालं की उपटायचं नाही, कारण मूळ बाहेर येताना चार दगड घेऊन येतं. खोड भिंतीपासून वीतभर ठेवून कापा, ताज्या कापावर परवानाधारक माणसाकडून तणनाशकाची पेस्ट लावून घ्या आणि मूळ पूर्ण मरेपर्यंत थांबा. दोन-तीन वेळा फुटवा येतो, तितक्यांदा तेच करा. मेलेलं मूळ भरीतून ओढू नका. ते कुजून राहिलेली पोकळी पुढे चुन्याच्या पातळ घोळानं भरायची आहे.

आम्ल, मीठ, रॉकेल ओतण्याचे सल्ले मिळतील. आम्ल चुना खातं आणि मीठ भिंतीत कायमचं राहतं. पिंपळ तोडायला गडी तयार होत नाही हीही खरी अडचण आहे. काही ठिकाणी पूजा करून, रोप दुसरीकडे लावून मग तोडतात. रोप लहान असतानाच काढलं तर यातलं काहीच करावं लागत नाही.

पाचवी पायरी: जुना माल ओळखा, नवा तयार करा

सांध्यातला सुपारीएवढा जुना तुकडा काढा आणि पेलाभर पाण्यात टाका. तासाभरात विरघळून चिखल झाला तर ती माती. तसाच राहिला तर चुना. पुष्कळ गढ्यांत आतलं काम मातीत असतं आणि फक्त बाहेरच्या दरजा चुन्याच्या असतात. अशा तटात आत मातीच राहू द्यायची. जुन्या चुन्यात वाळू किती, सुर्खी म्हणजे विटांची पूड किती हे नेमकं हवं असेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. तिथे आम्लात चुना विरघळवून उरलेली वाळू मोजतात.

चुना घ्यायचा तो कळीचा, म्हणजे न विझलेला. पिशवीत मिळणारी पांढरी भुकटी किती जुनी आहे आणि हवा लागून किती मेलेली आहे ते कळत नाही. कळी विझवताना हौदात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलटं कधीच नाही, पाणी कमी पडलं की चुना उसळून अंगावर येतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पोरंटोरं लांब. डोळ्यात उडालाच तर भरपूर साध्या पाण्यानं धूत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

विझलेला चुना चाळून लोण्यासारखा झाला की वर बोटभर पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरू द्या. महिने ठेवलात तर आणखी चांगलं. काळ्या मातीत सापडणारे चुनखडे भाजून केलेला चुना मिळाला तर गोष्ट वेगळी. तो स्वतःहून थोडा घट्ट होतो, म्हणून फार दिवस पाण्यात ठेवायचा नाही.

दरजांसाठी एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुर्खी, दोन भाग वाळू या प्रमाणापासून सुरुवात करा. सुर्खी मंद भाजलेल्या विटांची. करपलेल्या काळ्या विटांची चालत नाही. वाळू धुतलेली हवी, क्रश सँड असेल तर धूळ चाळून काढलेली, आणि खाडीची कधीच नको. मिश्रण चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, किंवा दळणाच्या यंत्रात मळायचं. काँक्रीटचा मिक्सर ते नुसतं लोळवतो. थापी उलटी केल्यावर माल चिकटून राहिला, की झाला.

गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद यांची चर्चा मात्र गरजेपेक्षा जास्त होते. गुळाच्या पाण्यानं माल लवचीक होतो, बेलाच्या चिकानं पकड येते, जुने कारागीर ते उगाच घालत नव्हते. पण मुरलेला चुना, स्वच्छ वाळू आणि ओलं गोणपाट ही तीन कामं नीट झाली नाहीत तर गुळाची ढेप ओतूनही काही होत नाही.

सहावी पायरी: दरजा

हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र. एप्रिल-मेच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधी सुकतो आणि त्याची भुकटी होते. पावसात तो धुऊन जातो.

आधी एक मीटर लांब, एक मीटर उंच नमुना तुकडा करून घ्या. तो तुम्हाला पसंत पडेपर्यंत पुढे जायचं नाही. सैल सांधा छिन्नी-हातोडीनं, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा. ग्राइंडर नको, तो दगडाच्या कडा कापतो आणि त्या खुणा कायम राहतात. जुना चुना घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. अख्खी भिंत एकसारखी दिसावी म्हणून चांगला माल उकरायला लावणारे मालक बरेच भेटतात.

सांधा झाडा, पाणी मारून भिजवा, पाणी जिरू द्या. मग माल आत दाबून भरा, एका दमात नाही, थरानं. रुंद सांध्यात दगडाच्या चिपा ठोका, त्यानं माल कमी लागतो आणि आकसत नाही. शेवटी दरज दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. दगडावर चढलेली, दोरीसारखी फुगीर दरज आणि वर पांढरी रंगाची रेघ ही अलीकडची फॅशन आहे. त्या फुगीर कडेवर पाणी थांबतं. दुसऱ्या दिवशी कडक ब्रशनं ठोकून घ्या, म्हणजे बारीक भेगा मिटतात. मग गोणपाट लावून किमान दोन आठवडे ओलं ठेवा. चुना हवेतला कर्बवायू घेऊन घट्ट होतो, आणि त्याला त्यासाठी ओल लागते.

सिमेंटच्या जुन्या दरजा असतील तर सैल झालेल्या काढा. घट्ट बसलेल्या ठिकाणी सक्तीनं काढताना दगड फुटत असेल तर राहू द्या, पण शेजारचे सांधे चुन्याचे करा. ओलीला एक वाट मोकळी असली तरी पुरते.

सातवी पायरी: पोट सुटलेला भाग

उतरवण्याआधी प्रत्येक दगडाला रंगानं थर आणि क्रमांक लिहा, फोटोवरही तेच लिहा. माथ्यापासून खाली, इंग्रजी व्ही अक्षरासारखं उघडत या, म्हणजे बाजूचे थर टेकून राहतात. दगड जमिनीवर त्याच क्रमानं मांडा. परत रचताना प्रत्येक दगड मूळ जागी, मूळ पडत्या बाजूवर. भर नुसती ओतायची नाही, तीही हातानं रचायची. आणि वर सांगितलेल्या अंतरानं आरपार दगड घालायचे. लांब दगड मिळाला नाही तर दोन दगड मध्ये एकमेकांवर चढवून बांधा. चुन्याच्या कामात दिवसाला दीड-दोन फुटांपेक्षा जास्त उंची चढवू नका.

पोट फार नसेल आणि आत फक्त पोकळी असेल तर उतरवण्याऐवजी चुन्याचा पातळ घोळ सोडता येतो. खालच्या भोकापासून सुरुवात, नरसाळं आणि नळी, स्वतःच्या वजनानं जाईल तेवढाच. पंपानं दाब दिला तर सुटलेला पदर बाहेर ढकलला जातो.

माथा

सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त पाणी पिणारा भाग. शनिवारवाड्यासारखं खाली दगड आणि वर विटा असं काम असेल, किंवा मराठवाड्यातल्या गढ्यांसारखी वर पांढरी माती असेल, तर माथा उघडा पडला की दोन-चार पावसाळ्यांत विटा आणि माती खाली येते. पांढरी माती घराच्या धाब्याच्या छतासाठी खणून नेणारेही असतात.

माथ्यावरची सैल माती काढा, दगड चुन्यात बसवा आणि चुन्याचा कोबा बाहेरच्या आणि आतल्या बाजूला उतार देऊन थापा. कडेचा दगड भिंतीच्या बाहेर दोन इंच आला तर पाणी पृष्ठभागावरून ओघळत नाही. फांजी असेल, म्हणजे तटावर चालायची वाट, तर तिचा उतार जुन्या पन्हळीकडेच हवा. पन्हळ सापडत नसेल तर माती उकरून बघा, बहुधा बुजलेली असते. काचांचे तुकडे रोवायचे असतील तर निदान सिमेंटचा पट्टा घालून रोवू नका.

देवडी

देवडी म्हणजे तटाला असलेली एकुलती एक खोली. दोन बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे, मध्ये वाट, वर कधी नगारखाना. इथे दगडाइतकंच लाकूड सांभाळावं लागतं. तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे आधी कुजतात. तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर टोक गेलं. अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून नवा सागवानी तुकडा सांध्यानं जोडतात. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग सुतार. लाकडावर ऑइलपेंट फासू नका, जवसाचं तेल पुरेसं आहे.

मोठ्या दरवाजाला बिजागऱ्या नसतात. फळीच्या कडेची खुंटी खालच्या आणि वरच्या दगडी खोबणीत फिरते. दार जमिनीला घासतं म्हणून फळी खालून कापणारे सुतार भेटतात. खरं तर खोबण झिजलेली असते, किंवा नुसती मातीनं भरलेली. ती आधी साफ करा. तसंच दाराच्या मागे दोन्ही भिंतींत चौकोनी भोकं दिसतील. एक खोल, एक उथळ. ती अडसराची जागा. दार उघडं असताना जाड तुळईसारखा अडसर खोल भोकात पूर्ण सरकतो, दार लावल्यावर ओढून समोरच्या भोकात टेकवतात. गवंड्याला हे माहीत नसतं आणि तो ती भोकं "मोकळी कशाला" म्हणून भरून टाकतो. कामाच्या पहिल्या दिवशीच त्यांच्यात विटकरीचा तुकडा ठेवून त्यावर "बुजवू नये" असं लिहा.

ट्रॅक्टर-ट्रॉली आत जात नाही म्हणून कमान फोडायचा विचार जवळपास प्रत्येक घरात होतो. त्यापेक्षा तट जिथे आधीच पडलेला आहे तिथे वाहनासाठी वाट ठेवा, दोन्ही कडा नीट बांधून घ्या आणि देवडी पायवाटेची राहू द्या. वीजमीटर, केबल, फ्लेक्सचे खिळे हे सगळं दगडात न ठोकता सांध्यात ठोकायला लावा. सांधा पुन्हा भरता येतो.

माणसं आणि हिशेब

चुन्याचं काम येणारा गवंडी तालुक्यात एखादाच असतो, आणि तो बहुधा म्हातारा असतो. त्याच्या हाताखाली गावातले दोन तरुण द्या. दुरुस्तीचं काम ब्रासवर देऊ नका. शंभर घनफुटाचा दर ठरला की माणूस घनफूट मोजतो आणि जो भाग हळू करायचा तोच पटापट उरकला जातो. रोजंदारीवर द्या आणि रोज संध्याकाळी कुठला क्रमांक झाला ते वहीत लिहा. नवा दगड लागलाच तर आधी आवारात पडलेला शोधा. जुना घडीव दगड गोठ्याच्या पायरीला, धुण्याच्या जागेला, शेजाऱ्याच्या ओट्याला सापडतो.

काम झाल्यावर दरवर्षी दोन फेऱ्या. वैशाखात पन्हळी, गटार आणि कौलं. दिवाळीनंतर माथ्यावरची रोपं, बोटाएवढी असतानाच.